रोज हिंजवडी आणि अधूनमधून ट्रॅक: २२ लाखांत कुठली जुनी गाडी घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूड ते हिंजवडी रोजचं जाणं-येणं, घरात दुसरी गाडी नाही, हाताशी सगळे मिळून २२ लाख. वर्षातून दोन-तीनदा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर ट्रॅक डेला (शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी जोरात चालवायच्या दिवसाला) जायचंय, तेही हीच गाडी चालवत. तीन गाड्या पाहून ठेवल्यात: २०११ ची बीएमडब्ल्यू झेड४ ३५आय, २०१७ ची स्कोडा ऑक्टाविया आरएस आणि २०२१ ची फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय मॅन्युअल. मन झेड४ वर बसलंय, घरच्यांचा कल ऑक्टावियाकडे आहे, आणि पोलो यादीत आहे ती केवळ एका मित्राने सुचवली म्हणून.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. पोलो घ्या. आई-वडिलांना घेऊन लांबचे प्रवास वरचेवर होत असतील तर ऑक्टाविया घ्या. झेड४ ही सुंदर गाडी आहे, पण घरातली एकुलती एक गाडी म्हणून आणि त्यावर ट्रॅक डे करायचे म्हणून ती घेऊ नका.

ट्रॅकसाठी गाड्या तयार करणं आणि नवख्यांच्या शेजारी बसून त्यांना शिकवणं हे माझं रोजचं काम आहे. त्यातून माझं एक ठाम मत झालंय. ट्रॅकवर न्यायची गाडी तिच्या विक्रीच्या किमतीवरून निवडायची नसते, तिच्या झिजण्याच्या किमतीवरून निवडायची असते. विकत घेताना पैसे एकदाच जातात. टायर, ब्रेक पॅड, डिस्क, क्लच, ऑइल यांचे पैसे दर वेळी जातात. ज्या गाडीचे पुढचे दोन टायर बदलताना हात आखडतो, ती गाडी दुसऱ्या वर्षी ट्रॅकवर जातच नाही. नुसती पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी राहते.

हे आकड्यांत पाहू. झेड४ ३५आय चालकासकट साधारण १६०० किलो, पोलो साधारण ११५० किलो. दोन्ही गाड्या समजा १६० च्या वेगावरून ८० वर आणल्या, तर झेड४ च्या ब्रेकला सुमारे ४० टक्के जास्त उष्णता पोटात घ्यावी लागते. पण खरी गोष्ट पुढे आहे. झेड४ त्या वळणाशी १६० ने येतच नाही. तिच्या ३ लिटर ट्विन टर्बो इंजिनात ३०६ अश्वशक्ती आहे, ती १९० ने येते. आणि उष्णता वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते. १९० वरून ८० वर आणताना तिच्या ब्रेकवर पोलोच्या दुपटीहून जास्त भार पडतो, तोही प्रत्येक लॅपला, प्रत्येक मोठ्या वळणाआधी. कंपनीचे पॅड आणि साधं ब्रेक ऑइल यांवर हे फार वेळ चालत नाही.

ब्रेक ऑइलबद्दल इथेच बोलतो, कारण नवख्या माणसाच्या ट्रॅक डेचा घात बहुधा तिथेच होतो. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो. पण हे ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि पुरेशी ओल शिरल्यावर तो आकडा १५५ पर्यंत उतरतो. पुण्याचे दोन-तीन पावसाळे पाहिलेलं ऑइल सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये कधीच त्रास देणार नाही. ट्रॅकवर मात्र चौथ्या-पाचव्या लॅपला कॅलिपरपाशी (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागापाशी) ते उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो म्हणून पेडल मऊ होऊन खाली जातं. डिस्क, पॅड सगळं ठणठणीत असतं, आणि गाडी थांबत नाही. म्हणून गाडी कुठलीही घ्या, ट्रॅकवर जाण्याच्या आठवड्यात ब्रेक ऑइल बदला. ३०० अंशांच्या वर टिकणारं ट्रॅकचं ऑइल मिळतं, तेच भरा. मात्र ते लवकर ओल धरतं, म्हणून दरवर्षी बदलायची तयारी ठेवा.

आता एकेक गाडी.

झेड४ चं तुम्हाला का वेड लागलंय हे मला पूर्ण कळतं. लांब बॉनेट, मागच्या चाकांजवळची बसायची जागा, सहा सिलिंडरचा आवाज. पण या ३५आयमधलं एन५४ इंजिन काही दुखण्यांसाठी प्रसिद्ध आहे: हाय प्रेशर फ्युएल पंप, इंजेक्टर, टर्बोच्या वेस्टगेटचा (जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेचा) खडखडाट आणि विजेवर चालणारा वॉटर पंप. यातलं प्रत्येक दुखणं दुरुस्त होतं, पण एकही स्वस्तात होत नाही. वॉटर पंप तर आधी फारशी सूचना न देता जातो. त्यावर घडी होणारं पत्र्याचं छप्पर, त्याचं हायड्रॉलिक, त्याचे सेन्सर. पंधरा वर्षांच्या गाडीत हे सगळं एकाच वेळी म्हातारं होत असतं. कागदपत्रांचा मुद्दा तर तुमच्या लक्षातच आलेला दिसत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०११ ची नोंदणी असेल तर ती २०२६ मध्ये संपते. म्हणजे आरटीओत फिटनेस तपासणी, नूतनीकरण आणि महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर. हे होणारं काम आहे, पण करायचं कोणी, हे सौद्याआधीच ठरलं पाहिजे.

ऑक्टाविया आरएस ही जुन्या बाजारातली खरोखर मोठी गाडी आहे. २ लिटरचं टर्बो पेट्रोल, २३० अश्वशक्ती, ३५० न्यूटन-मीटर, पाच माणसं आणि प्रचंड डिकी. २०१७ साली भारतासाठी फक्त ५०० गाड्या आल्या आणि त्यांचे मालक बहुतेक हौशी आहेत. हा फायदाही आहे आणि धोकाही. हौशी माणूस सर्व्हिस वेळेवर करतो, आणि हौशी माणूसच रिमॅप करून, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून, टर्बोचा दाब वाढवतो. तिचा ६ गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये चालणाऱ्या क्लचचा आहे. पोलो जीटीमधल्या ७ गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीपेक्षा ट्रॅकवर तो पुष्कळ सोशिक. पण त्याचं ऑइल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदलावं लागतं. ते बदलल्याचं बिल दाखवा म्हणावं; नसेल तर बदललेलं नाही असंच धरून भाव ठरवा. या इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं हाउसिंग गळतं, म्हणून कूलंटची पातळी आणि हाउसिंगखालचे वाळलेले गुलाबी डाग पाहा. ट्रॅकवर तिची खरी मर्यादा वजन आणि पुढची चाकं. वळवणं, ओढणं आणि बहुतांश ब्रेक लावणं ही तिन्ही कामं तेच दोन टायर करतात. दोन दिवसांच्या ट्रॅकनंतर पुढच्या टायरचे बाहेरचे खांदे गेलेले दिसतील. तो खर्च झेपत असेल तर तक्रारीला जागा नाही.

आणि पोलो. ११० अश्वशक्ती ऐकून तुमचा चेहरा पडला असेल, म्हणून करी स्पीडवे कसा आहे ते सांगतो. लांबी सुमारे २.१ किलोमीटर, वळणामागून वळण, श्वास घ्यायला फारशी सरळ जागा नाही. तिथे २०० अश्वशक्ती वापरायला जागाच मिळत नाही. मद्रासचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे, तिथे ताकदीला थोडा वाव आहे. पण शिकाऊ माणसाची वेळ तिथेही ब्रेक कुठे सोडला आणि नजर कुठे होती यावरून ठरते. ताकदवान गाडीत चूक झाकली जाते, कारण सरळ रस्त्यावर वेळ भरून निघतो. कमी ताकदीच्या गाडीत वळणात ५ किलोमीटरचा वेग गमावला तर तो पुढची सबंध सरळ भरून येत नाही, आणि म्हणूनच ती शिकवते. मी शेजारी बसतो तेव्हा हलक्या, मॅन्युअल गाडीतला विद्यार्थी लवकर सुधारताना दिसतो.

शिवाय ही गाडी आपल्या दारातली आहे. चाकणला बनली. तिचं १ लिटरचं टीएसआय इंजिन पुढे टायगुन, कुशाक, व्हर्टस, स्लाविया या सगळ्यांत आलं, त्यामुळे इंजिनाचे बरेचसे पार्ट पुढची कित्येक वर्षं मिळत राहतील. २०१० पासून भारतात पोलो कपच्या शर्यती झाल्या, त्यामुळे ट्रॅकसाठी पोलोला काय लागतं हे माहीत असलेले हात पुण्यातही आहेत आणि कोइम्बतूरमध्येही. उणिवाही सांगतो. मागे ड्रम ब्रेक आहेत. स्टिअरिंगमधून रस्ता फारसा बोलत नाही. ईएसपी (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) सगळ्या व्हेरिएंटमध्ये नव्हतं, ते गाडी पाहतानाच तपासा. रोजच्या पावसाळी वापरासाठी मला ते हवंच वाटतं. आणि ही स्पोर्ट्स कार नाही, हे खरंच. पण तुमच्या बजेटच्या निम्म्याच्या आत ती येते आणि उरलेल्या पैशांत तुम्ही कित्येक वर्षं गाडी ट्रॅकवर नेऊ शकता. कोइम्बतूरहून परतताना घाटात काही बिघडलं तर साताऱ्यातल्या मेकॅनिकलाही ती उघडता येते.

पोलो आवडलीच नाही तर आणखी एक नाव सुचवतो: रांजणगावला बनलेली फियाट अबार्थ पुंटो. १.४ लिटर टर्बो, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क, आणि पोलोत नाही असं जिवंत स्टिअरिंग. चालवायला माझी स्वतःची आवड तीच. पण फियाट गाड्यांची विक्री भारतात बंद झालीय, काही पार्टसाठी शोधाशोध करावी लागते, आणि एकुलत्या एक गाडीत ती शोधाशोध परवडत नाही. घरात दुसरी गाडी असती तर मी तुम्हाला पोलोच्या आधी तीच सांगितली असती.

आता गाडी तपासायची कशी. यात वेळ घाला, कारण एकाच मॉडेलच्या चांगल्या आणि वाईट गाडीतला फरक दोन मॉडेलमधल्या फरकापेक्षा मोठा असतो.

गाडी थंड असताना पाहायला जा. मालकाला आधीच सांगा, मी आल्यावरच सुरू करा. बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर काहीतरी लपवायचंय असं समजून दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. सुरू होताना निळा धूर, साखळीसारखा खळखळाट, थरथर हे सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटातच कळतं. मग चांगला स्कॅनर लावा, आणि फक्त इंजिनाचे कोड पाहून थांबू नका. गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग असे सगळे मॉड्यूल उघडा. बऱ्याच जर्मन गाड्यांत किलोमीटरची नोंद एकाहून जास्त ठिकाणी असते. मीटरवर ४८,००० आणि गिअरबॉक्सच्या एखाद्या जुन्या फॉल्टपुढे ७१,००० असं दिसलं तर तिथूनच नमस्कार करून निघा.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र आता तपासनीसाकडे असतंच. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. एखाद्या दरवाज्यावर २५० दिसलं तर पुन्हा रंगवलाय, इतकंच. पुण्यात पार्किंगमध्ये ओरखडे पडतातच. पण खांब, छप्पर किंवा पुढच्या चाकांच्या वरचा आतला पत्रा जाड लागला तर गाडी मोठ्या अपघातातून आलीय. ती ट्रॅकसाठी नको.

गाडी ट्रॅकवर गेलीय का, हे मालक सांगेलच असं नाही, गाडी सांगते. पुढचं चाक पूर्ण वळवून टॉर्च घ्या आणि चाकाच्या वरच्या प्लास्टिकच्या अस्तरावर पाहा. ट्रॅकवर पडलेले टायरचे वितळलेले गोळे तिथे जाऊन चिकटतात, ज्वारीच्या दाण्याएवढे, काळे, नखाने खरवडले तरी सहज न सुटणारे. गाडी कितीही धुतली तरी अस्तराच्या मागच्या कोपऱ्यात ते राहतात. मग डिस्क पाहा: पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगा किंवा निळसर झाक असेल तर ती चांगलीच तापलेली आहे. कडेला उभा राहिलेला काठ बोटाने चाचपा, आणि डिस्कवरच कोरलेली किमान जाडी वाचून व्हर्नियरने मोजा. टायरवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी असली तरी सहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, ते ट्रॅकवर आणि पावसात दोन्हीकडे धोक्याचं.

पण ट्रॅकवर गेलेली गाडी म्हणजे वाईट गाडी, असं मानू नका. ज्याने दर ट्रॅक डेनंतर ऑइल बदललं, बिलं जपली आणि तुम्हाला सगळं मोकळेपणाने सांगितलं, त्याची गाडी मी डोळे मिटून घेईन. भीती वाटते ती ‘कधीच नेली नाही हो’ म्हणणाऱ्या आणि अस्तरात रबर घेऊन फिरणाऱ्या गाडीची.

पुरात बुडालेल्या गाड्यांबद्दलही सावध राहा. मुंबई, चेन्नई, कोल्हापूर-सांगली, सगळीकडच्या पुरातल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या शहरात विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा आणि त्यावर गढूळ रेघ आहे का ते बघा. सीटखालच्या पट्ट्यांचे बोल्ट, स्टेपनीची खोबण, गालिच्याखालचा फोम, अर्थिंगचे जोड. गंज इथे लपतो. अशी गाडी रोज चालेलही, पण विजेचे दोष तिची पाठ सोडत नाहीत.

रिमॅप केलेली गाडी मी तुम्हाला घेऊ देणार नाही. मूळ स्थितीतली गाडी घ्या, वर्षभर तशीच चालवा. पोलोत ताकद वाढवली की क्लच आधी बोलतो, मग इंजिन तापतं. जास्तीची ताकद शोधायची तर ती आधी ब्रेकमध्ये आणि टायरमध्ये शोधा.

कागदपत्रांचं थोडक्यात. वाहन पोर्टलवर नोंदणी, विमा, कर्जाचा बोजा आणि थकलेली चलानं पाहा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३०. गाडी परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आणि इथला कर. १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर नवीन नोंदणी करावीच लागते. पुद्दुचेरी पासिंगची भारी गाडी स्वस्तात मिळत असेल तर ती स्वस्ताई बहुतेक इथला कर भरताना संपते. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही.

आणि विमा ट्रॅकवर चालत नाही. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत आयोजित शर्यत, वेगचाचणी असे वापर स्पष्टपणे वगळलेले असतात. ट्रॅक डे शर्यत नाही असा वाद घालता येईल, पण त्या वादाच्या भरवशावर गाडी भिंतीजवळून नेऊ नका. सरळ हिशेब असा धरा की ट्रॅकवर जे मोडेल ते तुमच्या खिशातून. हा हिशेब करतानाही पोलोची आणि झेड४ ची तुलना करून पाहा, एका हेडलाइटची किंमत विचारली तरी पुरे.

पोलो ठरली तर पैसे असे लावा. पहिल्या महिन्यात सगळी ऑइलं, कूलंट, प्लग, सस्पेन्शनचे झिजलेले बुश. २०२१ ची गाडी ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी बनवलेली नाही, म्हणून इंधनाच्या नळ्या आणि जोड दर सर्व्हिसला पाहायला सांगा. पहिल्या ट्रॅक डेआधी चांगले पुढचे पॅड, ट्रॅकचं ब्रेक ऑइल, चार सारखे टायर आणि प्रमाणित हेल्मेट. बाकी काही नाही. गाडी खाली करायची कोइलओव्हर सस्पेन्शन तर मुळीच नको. आपल्या सोसायट्यांचे स्पीडब्रेकर आणि जुलैतले हिंजवडीचे खड्डे तिला रोज मारतील. पहिल्याच दिवशी प्रशिक्षक शेजारी बसवा. कुठल्याही सस्पेन्शनपेक्षा त्या तासाभरात लॅपचा वेळ जास्त कमी होतो.

कोइम्बतूर पुण्याहून १२०० किलोमीटरच्या आसपास आहे आणि हीच गाडी तुम्हाला सोमवारी ऑफिसला न्यायची आहे, हे सेशन चालू असताना लक्षात ठेवा. दोन-तीन लॅप जोरात, मग एक लॅप सावकाश, ब्रेक न लावता. बाहेर आल्यावर हँडब्रेक ओढू नका. मागचे ड्रम तापलेले असतात. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली लाकडाचा ठोकळा लावा, आणि बॉनेट उघडण्याआधी टर्बो थंड व्हायला इंजिन मिनिटभर चालू राहू द्या. टायर गरम असतानाच हवा मोजा, ३४ ते ३६ पीएसआयच्या वर गेली असेल तर सोडा. घरी निघताना मात्र पुन्हा भरायची आठवण ठेवा. चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटरवर तपासा, दर सेशननंतर. पॅडचा जुना संच आणि ऑइलचा एक लिटरचा डबा डिकीत असू द्या.

झेड४ च्या मालकाला तुम्ही टोकन दिलेलं नाही असं प्रश्नावरून दिसतंय. देऊ नका. या शनिवारी पोलो थंड इंजिनावर पाहून या. स्कॅनचा रिपोर्ट, टायरच्या तारखा आणि डिस्कची जाडी लिहून पाठवलीत तर भाव किती खाली आणायचा ते सांगतो.